घरातील वाळवी : ओळख आणि बंदोबस्त



ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला वाळवी म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु घरात लाकूड खाणारे जे जे दिसेल त्याला आपण सरसकट वाळवी म्हणतो, त्यावर रॉकेलचे फडके फिरवतो, नाही तर कोणा औषधवाल्याला बोलावून पैसे मोजतो. आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच प्रकार. किडा कोणता आणि तो येतो कोठून, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून केलेला खर्च बहुधा वाया जातो.

वाळवीला पुष्कळ जण पांढरी मुंगी म्हणतात. ती मुंगी नव्हे. शास्त्रज्ञ आता तिची गणना झुरळांच्या गोत्रात करतात. मुंगी तर तिची वैरीण. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला हळदकुंकू वाहतो, तेही बहुधा वाळवीनेच बांधलेले असते. नाग हा तेथला पोटभाडेकरू. या वारुळाच्या पोटात काही जाती बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी आपण चवीने खातो, ती याच शेतीचे पीक.

जूनचा पहिला दणकट पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो. घरातल्या बायका दिवा मालवून परातीत पाणी ठेवतात. हे किडे लाकूड खावयास आलेले नसतात. ते नवा संसार थाटावयास निघालेले नरमादी. मुंगीलाही या दिवसांत पंख फुटतात, म्हणून एक उचलून पाहावा. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या, तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर चिमटलेली आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, तर ती मुंगी. बाहेरून दिव्यावर आले असतील तर झाडून टाका, काळजी नको. मात्र तुमच्याच चौकटीच्या खाचेतून किंवा फरशीच्या सांध्यातून निघताना दिसले, तर वसाहत इमारतीत किंवा तिच्या पायाखाली आहे असे समजावे.

आता प्रकार. आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान करते ती जमिनीतली वाळवी. तिचे घर मातीत असते आणि तिला सतत ओल लागते. उजेड व कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती भिंतीवरून मातीची नळी बांधीत चढते. नळीचा बोटभर तुकडा मोडून ठेवा. दोनचार दिवसांत डागडुजी झाली तर रहदारी चालू आहे. नळीत दिसतात ते तिचे कामकरी : आंधळे, पांढुरके, रात्रंदिवस राबणारे. (कामकरी हा शब्द पुस्तकातलाच आहे, आमच्या मंडळींनी हसू नये.) राणी खाली बसून दिवसाला हजारो अंडी घालते. वरच्या शेकडो कामकऱ्यांना रॉकेल पाजून तिचे काय बिघडणार?

दुसरी कोरड्या लाकडातली. तिला माती नको, नळ नको. ती खुर्चीच्या पायात किंवा देव्हाऱ्यात जन्म काढते. तिची खूण म्हणजे लाकडाखाली पडलेली खसखस. भिंगातून पाहिल्यास प्रत्येक दाणा सहा कडांचा दिसतो. ही तिची विष्ठा. येथे जमिनीत औषध ओतणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. ते लाकूडच काढून टाकावे, किंवा भोकांतून औषध आत घालून ती बुजवावी. आणि खसखशीऐवजी मैद्यासारखी भुकटी व गोल भोके दिसली, तर तो भुंगा, वाळवी नव्हेच.

सागाला वाळवी लागत नाही ही समजूत अर्धीच खरी. सागाचा गाभा ती सहसा सोडते, पण बाहेरचे पांढरट लाकूड खाते. फर्निचरवाला 'सागवान' म्हणून नेमके काय देतो, ते पाहून घ्यावे.

मात्र वाळवीने केलेले सर्वांत वाईट नुकसान मी लाकडात पाहिलेले नाही, कागदात पाहिले आहे. बंद पडलेल्या एका कारखान्याचा कामगार ग्रॅच्युइटीच्या दाव्यासाठी पगाराच्या पावत्या घेऊन आला. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे सामान्यतः पाच वर्षांची सलग नोकरी दाखवावी लागे. पावत्या भिंतीला टेकलेल्या लाकडी पेटीत होत्या. वरचा कागद शाबूत, खाली नुसती माती. वीस वर्षांच्या नोकरीचा पुरावा एका पावसाळ्यात गेला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्थांना जी दक्षता घ्यावी लागते तीच आपण आपल्या कागदांसाठी घ्यावी. पत्र्याची पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, दर महिन्याला उघडावी आणि महत्त्वाच्या कागदांच्या प्रती दुसऱ्या घरी ठेवाव्यात.

आता बंदोबस्त. आपल्या भागात पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि कित्येक इमारती भातखाचरे व खाडीची जमीन भरून उभ्या राहिल्या. भरावात सेंटरिंगच्या फळ्या, झाडांची मुळे तशीच पुरली जातात. वाळवीला आयती शिदोरी. म्हणून आधी गळका नळ, तुंबलेले गटार, जिन्याखालच्या रद्दी-फळ्या यांचा निकाल लावावा. त्यानंतर औषध. राहत्या इमारतीसाठी भारतीय मानकात (आय. एस. ६३१३, भाग ३) सांगितलेली रीत अशी : फरशी व भिंत यांच्या सांध्यात साधारण दर फुटावर भोक पाडून त्यात औषध जिरवावयाचे. एका कोपऱ्यात फवारा मारून निघून जाणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पूर्वी आल्ड्रिन, क्लोरडेन सर्रास वापरीत. २००१ च्या स्टॉकहोम करारात ही विषे निषिद्ध यादीत गेली. आता इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल अशी औषधे वापरतात. ती सावकाश मारतात, म्हणून ती अंगावर लागलेला कामकरी इतरांपर्यंत विष पोचवतो. विहीर किंवा बोअरिंगजवळ मात्र औषध ओतू देऊ नये.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने पदरचे पैसे घालून आपल्या दोन खोल्या राखल्या, तर वाळवी नळाच्या किंवा विजेच्या नळकांडीतून तिसऱ्या मजल्यावर निघते. जमीन सर्वांच्या खाली एकच असते. चाळीने किंवा सोसायटीने खर्च सामाईक खात्यातून करावा. बिलावर औषधाचे नाव, प्रमाण आणि पाडलेल्या भोकांची संख्या लिहून घ्यावी. आणि भोके पाडणाऱ्या पोराच्या हातात मोजे व तोंडावर मुखवटा आहे की नाही, हे सेक्रेटरीने काम सुरू होण्यापूर्वी पाहावे.