वाळू, गिरक्या आणि फडफडणारे हात

अलिबागला ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याची वाट उघडी पडते. माणसं पायी निघतात, घोडागाड्या पळू लागतात. त्या गर्दीत एखादं मूल मात्र वाळूत फतकल मारून बसलेलं असतं. मूठभर वाळू उचलायची, बोटांच्या फटींतून सोडायची, पुन्हा उचलायची. घोडा दाखवा, भेळ दाखवा, ते हलत नाही. मधेच उठून पंजे फडफडवतं, दोन गिरक्या घेतं, की पुन्हा वाळू. येणारेजाणारे वळून बघतात आणि आई ओशाळून त्याचे हात धरते.

त्या मुठीत काय चाललेलं असतं? टेंपल ग्रँडिन यांनी ते आतून सांगितलं आहे. त्या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक, स्वतः स्वमग्न (ऑटिस्टिक). लहानपणी समुद्रकाठी त्याही तासन्‌तास अशीच वाळू सोडत बसायच्या, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावा तसा एकेक कण न्याहाळायच्या. आवाजांचा मारा असह्य झाला की डोलणं आणि गिरक्या हा त्यांचा आडोसा होता.

खरं तर लयीत हालणं आपण सगळेच जन्मतः करतो. संशोधक एस्थर थेलन यांनी 20 बाळांचं वर्षभर निरीक्षण करून 1979 मध्ये अशा 47 हालचाली नोंदवल्या: पाय झाडणं, हात हलवणं, रांगण्याआधी हातागुडघ्यांवर झुलणं. बहुतेक मुलांच्या त्या पुढे मागे पडतात. स्वमग्न मुलांच्या अनेकदा टिकतात, कारण त्यांना त्यांची गरज असते. मिक्सरच्या आवाजाने कान झाकणारं मूल गिरकी घेतं तेव्हा त्याच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव हलतो आणि मेंदूला तोलाचा ठळक संदेश जातो. बाहेरचा गोंगाट कधी येईल सांगता येत नाही. ही जाणीव मात्र त्याने स्वतः निर्माण केलेली, हवी तेव्हा मिळणारी असते.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा मला इथे आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागेत आणलं. इमारतही चुंबकीय परिणाम नसलेल्या दगडाची बांधली. उपकरणं जास्त टिपतात म्हणून ती मोडीत नाही काढली, त्यांचा भोवताल बदलला. मुलांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करत आलो. 1960 च्या दशकात अमेरिकेत या हालचाली बंद पाडायला मुलांना चापट्या मारल्या गेल्या, विजेचे झटकेही दिले गेले.

2019 मध्ये संशोधक स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांनाच विचारलं. या हालचालींनी आपण सावरतो, हे त्यांनी सांगितलं, आणि त्या मोडून काढणाऱ्या उपचारांना विरोध केला. आनंदातही हात फडफडतात, हे तर कुठल्याही आईला ठाऊक असतं!

डोकं भिंतीवर आपटणं, स्वतःला चावणं मात्र थांबवायलाच हवं. पण आधी कान दुखतोय का, दात किडलाय का, पोट साफ आहे का, ते बघा. न बोलणाऱ्या मुलाला दुखणं सांगायला अनेकदा दुसरी वाट नसते. कधी फिटचे झटकेही असेच दिसतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ बरोबर न्या. त्यात हालचालीच्या आधी काय घडलं आणि नंतर काय झालं, दोन्ही दिसू द्या.