काम तेवढेच, सुरुवात आधी

सबमिशनच्या आदल्या रात्री प्रॅक्टिकल फाइल पुरी करणे अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी वसतिगृहांना नवे नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिसरातील प्रत्येक संगणक प्रयोगशाळेत पुढचा निष्कर्ष सांगितला जावा, असे मनापासून वाटते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या स्टीफन एडवर्ड्‌स आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या प्रोग्रामिंग असाइनमेंट तपासून तो २००९ मध्ये मांडला. त्यांनी एकाच विद्यार्थ्याच्या चांगल्या आणि कमी गुणांच्या कामांची तुलना केली, त्यामुळे हुशार-कच्चा हा वादच उरला नाही. ८० टक्क्यांहून अधिक गुण मिळालेले काम त्याने आधी सुरू केले होते आणि आधी संपवले होते. एकूण वेळ मात्र जास्त लागलेला दिसला नाही! कारण उघड वाटते: एरर सुटेना तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारता येते.