रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमानांच्या वायरिंगमधील विद्युत व्यत्यय : कारणे व निवारण
(विशेष संदर्भ : गगनबावडा परिसर)

प्रस्तावना :

विद्यार्थ्यांमध्ये विमानविद्येची गोडी निर्माण करणारे साधन म्हणून प्रतिकृती विमानांना शिक्षणक्षेत्रात महत्त्वाचे स्थान आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. मात्र हा केवळ छंदाचा विषय नाही. दीड किलो वजनाचे विमान ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना नियंत्रणाबाहेर गेले, तर त्याचा आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून पडलेल्या तितक्याच वजनाच्या वस्तूएवढा असतो. मैदानाच्या कडेला विद्यार्थी व ग्रामस्थ उभे असताना असा प्रसंग जिवावर बेतू शकतो.

विमान अचानक हेलकावे खाऊ लागले, की त्याचा दोष सामान्यतः बाहेरील लहरींना दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष विमानाच्या पोटातील तारांमध्येच दडलेला असतो. हा दोष कसा निर्माण होतो, कसा ओळखावा आणि कसा दूर करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखविली. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ-नियंत्रित नौकेचे प्रात्यक्षिक केले. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ मध्ये रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमान उडविले. पुढे २७, ३५ व ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर हा छंद जगभर पसरला. आज बहुतेक साधने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. भारतात २००५ च्या नियमांनुसार २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. या प्रवासात लहरी बदलल्या, यंत्रे लहान झाली. परंतु गोंगाट करणारी मोटर आणि मंद संदेश ऐकणारा रिसीव्हर यांमधील अंतर काही सेंटिमीटरवर आले. आजच्या समस्येचे मूळ येथेच आहे.

व्यत्ययाचे स्वरूप :

कोणत्याही व्यत्ययाचे तीन घटक असतात : उगम, मार्ग आणि बाधित होणारा भाग. यांपैकी एक घटक दूर केला तरी व्यत्यय नाहीसा होतो. विमानातील उगम पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) ब्रशच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश व कॉम्युटेटर यांच्यात सतत ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा ट्रान्समीटरच असतो. २७ ते ७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचांना याचा विशेष त्रास होतो, २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना तो तुलनेने कमी जाणवतो.

२) ब्रशविरहित मोटरमध्ये ठिणगी नसते, परंतु तिचा गतिनियंत्रक विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. एक मीटर तारेचे प्रवर्तकत्व ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री असते. बॅटरीच्या तारा मिळून ३० सेंटिमीटरने वाढविल्या आणि २० अँपिअरचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात तोडला गेला, तर त्या वाढीव तारेतच सुमारे ६ व्होल्टचा झटका निर्माण होतो. ११.१ व्होल्टच्या बॅटरीच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

३) सर्व्होच्या लांब तारा अँटेनाप्रमाणे वागतात. सर्व्होला मिळणारा संदेश हा १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा स्पंद असतो. त्यात गोंगाट मिसळला, की सर्व्हो थरथरू लागतो.

४) धातूवर धातू घासणारे सैल सांधेही गोंगाट करतात. म्हणून नियंत्रण-दांड्यांची टोके नायलॉनची असावीत.

व्होल्टेजची घसरण : एक फसवे लक्षण :

२.४ गिगाहर्ट्झच्या संचांमध्ये ज्याला ‘व्यत्यय’ म्हटले जाते, ते पुष्कळदा रिसीव्हरच्या वीजपुरवठ्याचे अपयश असते. समजा, गंजलेल्या जोडणीचा रोध अर्धा ओहम झाला आणि सर्व सर्व्होंनी एकाच क्षणी ३ अँपिअर प्रवाह ओढला, तर त्या जोडणीतच १.५ व्होल्ट खर्ची पडतात. रिसीव्हरला ५ ऐवजी ३.५ व्होल्ट मिळतात. काही रिसीव्हर एवढ्या घसरणीने बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि तेवढा वेळ विमानाला कोणी वाली उरत नाही. लहरींमध्ये दोष शोधणाऱ्यास हे कारण कधीच सापडत नाही.

गगनबावडा परिसराचा संदर्भ :

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसले आहे. येथून करूळ व भुईबावडा हे घाट वैभववाडीकडे उतरतात. जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा हा तालुका असून पावसाळ्यात दाट धुके हा येथील नित्याचा अनुभव आहे. अशा ठिकाणी धुक्यामुळे रेडिओ-संदेश तुटतो, असा समज सहज होऊ शकतो. वास्तविक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचे धुक्यातील शोषण काही शे मीटर अंतरात नगण्य असते. धुक्यात विमान उडवू नये हे खरेच. पण त्याचे कारण विमान नजरेआड होते, हे आहे.

दमट हवेची खरी हानी संथ व अदृश्य असते. ओलावा जोडण्यांच्या धातूवर गंजाचा पातळ थर चढवितो, रोध वाढतो आणि वर सांगितलेली घसरण सुरू होते. चार महिने पेटीत पडून राहिलेले विमान पावसाळ्यानंतर पहिल्याच उड्डाणात दगा देते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. याखेरीज ओली दाट झाडी लहरी शोषते आणि डोंगराची सोंड मध्ये आल्यास संदेश अडतो. म्हणून ट्रान्समीटर व विमान यांमध्ये सरळ, मोकळी दृष्टिरेषा राहील अशीच जागा निवडावी.

निवारणाचे उपाय :

१) ब्रशच्या मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर जोडावेत : एक दोन टोकांमध्ये आणि उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या कवचापर्यंत. गोंगाट उगमाशीच दाबला जातो.

२) बॅटरी व गतिनियंत्रक यांमधील तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. लांबी वाढविणे अटळ असल्यास ती गतिनियंत्रक ते मोटर या बाजूस वाढवावी. बॅटरीकडील तारा वाढवाव्याच लागल्या, तर गतिनियंत्रकाजवळ कमी अंतर्गत रोधाचा, योग्य व्होल्टेजचा कपॅसिटर जोडावा.

३) जाणारी व येणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. दोहोंची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना छेदतात व प्रारण घटते. सर्व्होच्या तिन्ही तारांनाही पीळ द्यावा.

४) लांब सर्व्हो-तारांना रिसीव्हरजवळ फेराइटचे कडे घालून चार-पाच वेढे द्यावेत. तिन्ही तारा एकत्रच वेढल्या जात असल्याने मूळ संदेश अबाधित राहतो. तिन्हींत एकाच दिशेने शिरलेला गोंगाट मात्र अडतो.

५) रिसीव्हर व गतिनियंत्रक विमानाच्या विरुद्ध बाजूंस बसवावेत. सर्व्होच्या तारा मोटरच्या तारांना समांतर नेऊ नयेत. ओलांडणे आवश्यक असल्यास काटकोनात ओलांडाव्यात.

६) २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर असल्याने अँटेनाचे कार्यक्षम टोक सुमारे ३१ मिलिमीटरचे असते. हे टोक कापू वा दुमडू नये. दोन अँटेना असल्यास त्या परस्परांशी काटकोनात व कार्बन फायबरच्या भागांपासून दूर ठेवाव्यात.

७) अनेक सर्व्हो असल्यास रिसीव्हरला स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा. अशा वेळी गतिनियंत्रकाकडून येणारी लाल तार रिसीव्हरपासून अलग करावी, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांवर येत नाहीत.

८) पावसाळ्यात साहित्य सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावे. हंगामाच्या आरंभी प्रत्येक जोडणी काढून, स्वच्छ करून पुन्हा घट्ट बसवावी.

उड्डाणपूर्व परीक्षण :

बहुतेक ट्रान्समीटरमध्ये प्रक्षेपणशक्ती तात्पुरती कमी करण्याची सोय असते. तिचा वापर करून सुमारे ३० पावले दूर जावे व नियंत्रणे तपासावीत. प्रथम मोटर बंद ठेवून आणि नंतर चालू करून ही चाचणी घ्यावी. त्या वेळी सहकाऱ्याने विमान पंख्याच्या मागील बाजूने घट्ट धरलेले असावे. मोटर चालू करताच पल्ला घटला, तर गोंगाटाचा उगम विमानातच आहे हे सिद्ध होते. दोन्ही वेळा पल्ला सारखाच अपुरा असल्यास अँटेना तपासावी. पल्ला पुरेसा असूनही सर्व सर्व्हो एकदम हलविताच रिसीव्हर बंद पडत असल्यास वीजपुरवठा तपासावा. शेवटी पंखा काढून ट्रान्समीटर बंद करावा आणि संदेश तुटताच मोटर थांबते, याची खात्री करून घ्यावी.

निष्कर्ष :

प्रतिकृती विमानातील विद्युत व्यत्यय ही बव्हंशी मांडणीची व देखभालीची समस्या आहे. आखूड तारा, योग्य अंतर, तारांना पीळ, स्वच्छ जोडण्या आणि मोटर चालू ठेवून घेतलेली पल्ल्याची चाचणी हे उपाय अल्पखर्चिक असून शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. गगनबावड्यासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात जोडण्यांच्या देखभालीस सर्वाधिक प्राधान्य द्यावे लागते. दोषाचा शोध प्रथम विमानाच्या आत घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर विमाने तर वाचतीलच. शिवाय मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांची सुरक्षितताही जपली जाईल.