पोत्यांचा किल्ला

नागपुरात कुणी ‘बर्डीला जाऊन येतो’ म्हणालं, की तो कापड, चपला नाहीतर मोबाइलचं कव्हर आणायला निघालेला असतो. हा बाजार ज्या टेकडीखाली पसरलाय, तिच्याकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. वर सीताबर्डीचा किल्ला आहे. तो लष्कराच्या ताब्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवशी लोकांना आत सोडतात.

भोसल्यांच्या राज्यात १८१७ पर्यंत इथं किल्ला नव्हताच. एक मोठी, एक लहान अशा दोन उघड्या टेकड्या, आणि शेजारी इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सची कोठी. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी लढाई जुंपली, तेव्हा इंग्रजांच्या कंपनीकडे जेमतेम चौदाशे माणसं होती. त्यांत मद्रास पलटणींचे शिपाई जास्त. आडोशाला खंदक खणावा तर खाली कातळ. मग हाताला लागेल ते टेकडीच्या कडेला रचलं: पिठाची पोती, गव्हाची पोती. त्या पोत्यांआडून रात्रभर बंदुका चालल्या.

सकाळी भोसल्यांच्या फौजेतल्या अरब सैनिकांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठीवर वळवली. आता संपलंच, अशी वेळ. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्ड बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन मैदानात घुसला, शिपायांनी लहान टेकडी परत मिळवली आणि दुपारपर्यंत निकाल लागला. कंपनीची साडेतीनशेहून जास्त माणसं मेली वा जखमी झाली.

जिंकलेल्यांना ती रात्र विसरता आली नाही. पुन्हा हल्ला होईल या धास्तीनं पोत्यांच्या जागी त्यांनी दगडी तट उभा केला. १९४० मध्ये जर्मन उतरतील म्हणून इंग्लंडच्या शेतांत काँक्रीटची हजारो मोर्चेघरं उठली, त्यांच्यामागेही हीच धास्ती होती. त्यांच्यावर शत्रू कधी चालून आलाच नाही. सीताबर्डीच्या तटावरही पुन्हा कुणी चाल केली नाही.

तट कामी आला तो वेगळ्याच कामाला. १८५७ च्या उठावात सामील झाल्याबद्दल नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना याच किल्ल्यावर फाशी दिलं. शत्रूला बाहेर ठेवायला बांधलेल्या भिंतीआड शेवटी गावचीच माणसं गेली. त्यांची कबर वरच आहे. किल्ला उघडतो त्या दिवशी तोफा बघायला आलेली पोरंटोरं तिच्यापाशी आली, की आईबाप हळूच म्हणतात, ‘चपला काढ.’