साखरशाळा
ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामापुरती चालविण्यात येणारी शाळा. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात आणि मुलांचे जूनमध्ये सुरू झालेले शालेय वर्ष मध्येच तुटते. उचल पतिपत्नींच्या जोडीवर, म्हणजे ‘कोयत्या’वर, मिळते, दोघेही पहाटेच फडात गेल्यावर कोपीवरील तान्हे भावंड थोरल्या मुलीच्या स्वाधीन होते. त्यामुळे शाळेबरोबर पाळणाघर नसेल, तर मुली पटावरच राहतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये नियमित शाळेस वर्षाच्या मध्यातही प्रवेश नाकारता येत नाही; परंतु कर्नाटकातील जवळची शाळा बहुधा कन्नड माध्यमाची असते. मुलांना मूळ गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे त्या मानाने अधिक उपयुक्त होत. मात्र ती स्थलांतरापूर्वी उघडावी लागतात.