सरकत्या दारांचे कपाट : आधी माप, मग पसंती

मुंबईच्या मध्यभागात सध्या सुतारकामाला एक नवी मागणी आली आहे. वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि नायगाव येथील बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळावयाची आहेत. वरळीत ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये अशा घरांच्या चाव्या मिळाल्या. लालबाग-परळच्या जुन्या चाळी आणि गिरगावातील उपकरप्राप्त इमारतीही एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. ज्या कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या एका ट्रंकेत आणि एका लोखंडी कपाटात संसार मावविला, ती आता प्रथमच वेगळ्या शयनगृहासाठी कपाट करून घेत आहेत. त्यांतील बरेच जण सरकत्या दारांचे, म्हणजे स्लायडिंगचे कपाट मागतात.

हे काम आपल्या सुतार, प्लायवूडवाले आणि हार्डवेअरवाले बांधवांच्या हिताचे आहे. मात्र त्यात एक जोखीम आहे. तयार कपाट एका गिऱ्हाइकाला नको झाले तर दुसऱ्याला विकता येते. मापाने केलेले कपाट त्या एका भिंतीसाठीच असते. ते बसले नाही, तर माल आणि मजुरी दोन्ही बुडतात व वर वाद होतो. म्हणून रंग, आरसा व सनमायका या गोष्टी नंतरच्या. पहिला सौदा मापाचा आहे, हे कारागीर आणि गिऱ्हाईक दोघांनीही लक्षात ठेवावे.

सरकते दार कोठे उपयोगी?

सरकते दार जागा वाचविते, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पल्ला बाहेर उघडत नाही, एवढी जागा वाचते. परंतु दोन पल्ले एकामागे एक धावतात, त्यामुळे कपाटाच्या पुढून-मागच्या मापात, ज्याला मिस्त्री लोक डेप्थ म्हणतात, ३ ते ४ इंच पल्ल्यांतच जातात. हँगर आडवा टांगण्यास आतून सुमारे २२ इंच मोकळे लागतात. म्हणून बिजागरीचे कपाट २४ इंचांत होते, तर सरकत्या दाराचे २७ इंचांपर्यंत जाते.

एक उदाहरण पाहू. खोली १० फूट, म्हणजे १२० इंच आहे. पलंगाची लांबी ७८ इंच असून कपाट त्याच्या पायथ्याशी ठेवावयाचे आहे. उरतात ४२ इंच. बिजागरीचे कपाट केले तर वाट १८ इंचांची राहते. १८ इंची पल्ला उघडताच पलंगाला टेकतो. सरकते कपाट केले तर पल्ला टेकत नाही, पण वाटच १५ इंचांची होते. या खोलीत दोन्ही कपाटे गैरसोयीची आहेत. येथे कपाट पलंगाच्या बाजूच्या भिंतीला नेणे किंवा पलंग लहान करणे, हाच खरा सल्ला होय.

तीच खोली ११ फुटांची असेल तर पलंगानंतर ५४ इंच उरतात. सरकत्या कपाटापुढे २७ इंचांची वाट राहते आणि माणूस सरळ उभा राहून कपडे काढू शकतो. बिजागरीच्या कपाटात पल्ला उघडल्यावर जेमतेम १२ इंच उरतात. या ठिकाणी सरकत्या दारावर केलेला जास्तीचा खर्च वसूल होतो. असा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडावा. काम मिळविण्यासाठी तो लपविला, तर पुढे तक्रार आपल्याच दारी येते.

रुंदीचाही विचार हवा. दोन पल्ल्यांच्या कपाटात एका वेळी निम्मीच बाजू उघडते. ५ फुटांपेक्षा कमी रुंदीत हे तोंड फार अरुंद होते. तेथे बिजागरीच बरी. ड्रॉवर नेहमी एका पल्ल्याच्या पूर्ण उघड्या भागात बसवावा. मधोमध, जेथे दोन पल्ले एकमेकांवर येतात, तेथे ठेवला तर तो पल्ल्याला अडून बाहेरच येत नाही.

माप कसे घ्यावे?

बिल्डरच्या नकाशावरून माप कधीही घेऊ नये. लादी, गिलावा, स्कर्टिंग आणि असल्यास फॉल्स सीलिंग पूर्ण झाल्यावरच फीत काढावी. रुंदी तीन ठिकाणी मोजावी : खाली, मध्ये व वर. उंचीही डावीकडे, मध्ये व उजवीकडे मोजावी. भिंतीला ओळंबा लावावा, कोपऱ्यात गुण्या धरावा आणि जमिनीवर लेव्हल ठेवावी. तिन्ही मापांतील सर्वांत लहान माप खरे धरून त्यातून अर्धा इंच कमी करावा. उरलेली फट पट्टीने झाकता येते. जास्त झालेले कपाट मात्र भिंतीत घुसत नाही. स्कर्टिंग, बीम, खिडकीचा पल्ला व विजेचे बटण कोठे आहे, हेही त्याच कागदावर लिहावे.

गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत जमीन क्वचितच सपाट असते. अनेकदा ती मोरीकडे उतरते. कपाट जमिनीच्या उताराप्रमाणे बसविले तर रूळही उतरता होतो आणि पल्ला सोडताच आपोआप एका बाजूला धावतो. म्हणून खाली पाचर देऊन सांगाडा आधी लेव्हलमध्ये आणावा. त्याचे दोन्ही कर्ण सारखे भरले, तरच पल्ले सरळ मिटतात.

आणखी एक चूक नेहमी होते. कपाट जमिनीवर आडवे जोडून नंतर उभे केले जाते. ८ फूट उंच आणि २७ इंच डेप्थच्या कपाटाचा कर्ण जवळजवळ १०० इंच भरतो. छत ९९ इंचांवर असेल तर ते उभे करतानाच छताला अडते. यासाठी ७ फुटांचे कपाट आणि त्यावर वेगळा माळा करणे श्रेयस्कर. तसेच ८ बाय ४ फुटांचा पूर्ण ताव चाळीच्या जिन्यात वळत नाही. जिना किंवा लिफ्ट आधी पाहून ताव दुकानातच कापून घ्यावेत.

रूळ, चाके आणि वजन

फिटिंग निवडताना पल्ल्याचे वजन पाहावे. ७ बाय ३ फुटांचा, १८ मि.मी. प्लायवूडचा, दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेला पल्ला साधारण २८ किलोचा होतो. त्यावर ४ मि.मी. जाडीचा पूर्ण आरसा लावला की आणखी १९-२० किलो वाढतात. म्हणजे ४० किलोची चाके बिनआरशाच्या पल्ल्याला चालतात, आरशाच्या पल्ल्याला नाहीत. काम सुरू झाल्यावर गिऱ्हाइकाने आरसा मागितला, तर चाके बदलावी लागतील आणि त्याचे पैसे वेगळे पडतील, हे आधीच सांगावे. सी. पी. टँक भागातील हार्डवेअरच्या दुकानांत खरेदी करताना प्रत्येक फिटिंगची वजनाची मर्यादा विचारून ती बिलावर लिहून घ्यावी.

वरून टांगलेल्या पल्ल्यांचा सगळा भार वरच्या फळीवर येतो. ती दुहेरी व भक्कम हवी. खालच्या रुळावर धावणाऱ्या पल्ल्यांचा भार तळाशी येतो, पण रुळात धूळ साचते व ती नियमित काढावी लागते. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. जुन्या, हादरणाऱ्या लाकडी तक्तपोशीवर मात्र चाके वर-खाली जुळविता येतील असेच फिटिंग घ्यावे.

लाकूड आणि ओल

प्लायवूडवर आय.एस.आय. चिन्ह पाहावे. आय.एस. ३०३ हे सर्वसाधारण प्लायवूडचे मानक आहे, तर ७१० मरीनचे. कोरड्या भिंतीला मरीनचा आग्रह नको. पाठीमागे न्हाणीघर असेल तर दर्जा वाढवावा. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागताच फुगतो आणि स्क्रू एकदा निघाला की तेथे पुन्हा घट्ट धरत नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीची आधी दुरुस्ती करावी आणि कपाट तिच्यापासून इंचभर दूर ठेवावे.

लेखी असू द्या

बहुतेक वाद चौरस फुटांच्या दरावरून होतात. ६ बाय ७ फुटांचे कपाट ४२ चौरस फुटांचे होते. वर २ फुटांचा माळा असेल तर आणखी १२ चौरस फूट. हे १२ फूट त्याच दराने धरावयाचे की वेगळ्या, आतला सनमायका, ड्रॉवर, फिटिंग, आरसा, वाहतूक आणि कर दरात आहेत की नाहीत, हे एका पानावर लिहावे. मापांचा साधा नकाशा काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसेही टप्प्यांनी ठरवावेत : काही माल आणताना, काही सांगाडा उभा राहिल्यावर आणि शेवटचा हप्ता पल्ले नीट सरकू लागल्यावर. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा येऊन चाके जुळवून देण्याचे वचनही त्याच कागदावर असावे.

कारखान्यात तयार होणाऱ्या फर्निचरशी स्पर्धा वाढली आहे, हे खरे. तथापि परळच्या जुन्या चाळीतील वाकडी भिंत आणि उतरती जमीन कारखान्याला दिसत नाही. ती फीत व ओळंबा घेऊन घरी आलेल्या मिस्त्रीला दिसते. जो कारागीर अचूक माप घेईल, गरज नसेल तेथे "येथे स्लायडिंग नको" असे स्पष्ट सांगेल आणि ठरलेले लिहून देईल, त्याच्याकडेच शेजारचे घरही काम घेऊन येईल.