चेहऱ्याची सैल त्वचा आणि इंजेक्शन : सुई टोचून घेण्याआधी हे जाणून घ्या

लग्नसराई जवळ आली की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या मोबाईलवर एका इंजेक्शनात दहा वर्षांनी तरुण दिसण्याच्या जाहिराती फिरू लागतात. चांगले दिसावेसे वाटणे यात काही गैर नाही. पण हा पार्लरमधला फेशियल नव्हे, हा वैद्यकीय उपचार आहे. म्हणून त्याची माहिती आम्ही येथे सोप्या शब्दांत देत आहोत.

त्वचा सैल का पडते?

त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजेन आणि ताण देणारे इलॅस्टिन वयानुसार कमी होत जाते. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर हा वेग वाढतो. ऊन आणि बिडी-सिगारेट हे दोन मोठे शत्रू. सोयाबीन, हळदीच्या रानात खुरपण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या माय-बहिणींचे चेहरे लवकर सुरकुततात ते म्हणूनच. शिवाय वयाबरोबर गालांची चरबी व जबड्याचे हाड झिजते, दात पडले की गाल बसतात. म्हणजे दोष फक्त कातडीचा नसतो.

इंजेक्शनमध्ये काय असते?

हायलुरोनिक आम्लाचा फिलर : पाणी धरून ठेवणारे हे जेल बसलेला भाग भरून काढते. परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. काही बिघडले तर हायलुरोनिडेज या औषधाने ते विरघळवता येते.

कोलॅजेन वाढवणारी इंजेक्शने : पॉली-एल-लॅक्टिक आम्ल किंवा कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट. यांचा पूर्ण परिणाम हळूहळू, काही आठवड्यांनी-महिन्यांनी दिसतो. ही मात्र हायलुरोनिडेजने विरघळत नाहीत.

पीआरपी : आपलेच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा काढतात आणि तो चेहऱ्यावर टोचतात. परिणाम माणसागणिक बदलतो.

बोटॉक्स : हे स्नायू सैल करून कपाळाच्या, डोळ्यांजवळच्या आठ्या तीन-चार महिने कमी करते. लोंबणाऱ्या त्वचेचा हा इलाज नाही.

यातले कोणतेही इंजेक्शन कायमचे नाही. त्वचा खरोखर लोंबत असेल तर इंजेक्शनने ती वर ओढली जात नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. ही गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. एका सिरिंजला हजारो रुपये लागतात आणि परिणाम ओसरला की पुन्हा तोच खर्च. सौंदर्योपचार आयुष्मान भारत योजनेत बसत नाहीत, त्यामुळे सगळा भार घरच्या खिशावर पडतो.

धोका कोठे आहे?

थोडी सूज, निळसर डाग हे बहुधा काही दिवसांत जाते. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्या भागाची त्वचा मरू शकते. क्वचित प्रसंगी दृष्टीही जाते. टोचल्यावर असह्य वेदना झाल्या, त्वचा पांढरी किंवा काळी-निळी पडली, डोळ्यांना अंधुक दिसू लागले तर घरी थांबू नका, त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

सुई स्वच्छ नसेल तर संकट आणखी मोठे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये २०१८ साली पीआरपीचे फेशियल घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले.

हे प्रश्न विचाराच

१. टोचणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का? महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक विचारल्याचा राग येत असेल तर तेथून उठा.

२. औषधाचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर उघडणार का? त्यावरचे नाव, बॅच क्रमांक, मुदत याचा फोटो घ्या. पावती घ्या.

३. फिलर असेल तर हायलुरोनिडेज दवाखान्यात हजर आहे का?

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे टाळावे. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगावे. खर्च करण्यापूर्वी एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात चेहरा दाखवून यावे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळच आहे.

रानात जाताना चेहऱ्यावर रुमाल, डोक्यावर रुंद काठाची टोपी, उघड्या भागाला सनस्क्रीन आणि बिडी बंद, एवढे केले तरी पुढची झीज पुष्कळ मंदावते.

वैशालीच्या आम्रपालीने थेरीगाथेत आपल्या उतरलेल्या देहाचे वर्णन न लाजता केले आहे. सुरकुती हा आजार नाही आणि लाजही नाही. तरीही उपचार घ्यावासा वाटला तर जरूर घ्या, पण नीट विचारून, तपासून घ्या. कर्ज काढून किंवा कुणाच्या टोमण्याला घाबरून घेऊ नका.